वरवंट्यासकट वजन

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी दिवाळीला घरी आले, तर पहिल्या दोन दिवसांत चार बाया ब्लाउजपीस घेऊन हजर. एकीनं मापाचा जुना ब्लाउजही आणला होता. “मागून गळा जरा मोठा काढजो वं, पुण्यात काढतेत तसा,” असं म्हणून ती कापड खाटेवर ठेवून चालती झाली. मला साधं बटण लावता येत नाही.

झालं होतं असं, की मी पुण्यात सामाजिक धोरण या विषयात एम.ए. करत होते आणि आईनं गावभर सांगून ठेवलं होतं की पोरगी शिवणकामाचा कोर्स करते. चुकून एखाद्या वेळी नाही, चांगलं दीड वर्ष सांगत होती. माझं डोकंच फिरलं. मी ते चारही ब्लाउजपीस तिच्यापुढं आपटले आणि विचारलं, “हे काय आहे?”

“कापड हाय,” आई म्हणाली.

“तू काऊन सांगतलं असं?” राग आला की माझी पुण्याची भाषा गळून पडते.

“मंग काय सांगू? सामाजिक धोरण? कोणाले समजते ते?”

“समजावून सांगायचं.”

“सांगतलं ना. शिवणकाम सगळ्याईले समजते.”

तिनं ती कापडं गोळा केली, धामणगाव बढेच्या एका टेलरकडून गुपचूप शिवून आणली आणि ज्यांची त्यांना देऊन टाकली. बायांनी माझ्या हाताचं फार कौतुक केलं. एकीचा गळा मात्र बिघडला, त्याचं खापर अजून माझ्यावरच आहे.

खरं सांगायचं तर आईचंही थोडं बरोबर होतं. माझा विषय मला स्वतःला एका वाक्यात सांगता यायचा नाही. सरकार एखादी योजना काढतं, ती कागदावरून निघते, आणि माणसाच्या दारात पोचेपर्यंत वाटेत तिचं काय काय होतं, ते शिकायचं. हे मोताळ्याच्या बसस्टँडवर कुणाला सांगायला जावं तर गाडी लागायची, आणि समोरचा “मंग नोकरी लागते काय?” एवढंच विचारून चढून जायचा. लागते की नाही ते मलाही माहीत नव्हतं.

पुण्यात उलटी तऱ्हा. पहिल्याच आठवड्यात वर्गात मी “मी काल आली” म्हटलं आणि दोन बाकं हसली. दुसऱ्या महिन्यापर्यंत मी “आले, गेले, बसले” म्हणायला शिकले आणि “काऊन” हा शब्द तर दाताखाली धरून ठेवला. एकदा परिसंवादात तो सुटलाच. गाईड मॅडमनी मात्र हसायच्या ऐवजी वहीत टिपून घेतला. मॅडम अशाच होत्या. हातमागाच्या साड्या नेसायच्या, बिनदुधाचा चहा प्यायच्या आणि समोरचा जे बोलेल ते टिपून घ्यायच्या. त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं. सरकारी रजिस्टर वाचायचं, पण मानायचं नाही. स्वतः पाहायचं, स्वतः ऐकायचं, स्वतः लिहायचं.

माझ्या प्रबंधाचा विषय ठरला लहान मुलांचं पोषण आणि अंगणवाडी. मॅडमनी विचारलं, “तुझ्या गावच्या अंगणवाडीत कुणी ओळखीचं आहे का?”

“सेविका माझी आई आहे,” मी म्हटलं.

“मग तर फारच जपून राहा,” मॅडम म्हणाल्या.

मी जपूनच राहिले. जानेवारीत घरी आले ती संशोधक होऊन. आईला मी संमतिपत्र दिलं, दोन पानी. ही सही झाल्याशिवाय मी तुला एकही प्रश्न विचारू शकत नाही, असं गंभीर तोंड करून सांगितलं. आईनं चष्मा लावला आणि दोन्ही पानं सावकाश वाचली. मग म्हणाली, “ह्याच्यात लिहेल हाय का मी कवाही नाई म्हणू शकतो. मंग आज नाई म्हणतो. आज तूर सोंगाची हाय.” आणि विळा घेऊन शेतात गेली. सही तिनं चौथ्या दिवशी केली, तीही मी दोन दिवस तूर सोंगून दिल्यावर.

आमची अंगणवाडी बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत भरते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वजनाचा दिवस असतो. आढ्याच्या आकड्याला काटा टांगलेला, काट्याला झोळी. बाया लेकरं घेऊन ओळीनं भिंतीला टेकून बसतात. आई कपाटातून लाल कापडाचं एक गाठोडं काढते, ते झोळीत ठेवते, त्याच्यावर लेकरू बसवते, काटा पाहते आणि खणखणीत आवाजात आकडा सांगते. बाया माना हलवतात. काही लेकरांच्या वेळी गाठोडं असतं, काहींच्या वेळी नसतं. मी सतरंजीवर लॅपटॉप मांडून बसले होते आणि आई बोलेल तो आकडा टाइप करत होते.

“रजिस्टर घेतं काय?” आईनं मधेच विचारलं.

“नको. मी स्वतः ऐकून लिहिते.”

“बरं,” आई म्हणाली. तिच्या “बरं”मध्ये पुष्कळ काही असतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण मी त्या दिवशी तिची मुलगी नव्हते ना, संशोधक होते.

त्या लाल गाठोड्यावर मी क्षेत्रटिपणाच्या वहीत दीड पान लिहिलं. शासकीय उपकरणाला स्थानिक श्रद्धेनं दिलेलं वस्त्र, असं काहीतरी. आत काय असेल याचाही अंदाज केला होता, हळकुंड, मीठ-मोहरी, असलंच काही. दीड पान लिहिलं बाप्पा, पण एकदा हात लावून ते गाठोडं उचलून पाहिलं नाही. मी स्वतः त्याच झोळीत बसून मोठी झाले होते, पण त्या वयातलं कुणाला काय आठवतं. नंतर शाळा, मग बुलढाण्याचं हॉस्टेल, मग पुणे. गावातल्या कितीतरी गोष्टी मला पुस्तकातूनच कळल्या, आणि पुस्तकात ही नव्हती.

ओळीत एक वर्षाची एक पोरगी होती. तिच्या आईच्या, म्हणजे आमच्या गल्लीतल्या एका तरुण सुनेच्या मांडीवर. डोळे मोठे मोठे आणि मनगटं अशी, की काळ्या मण्यांची साखळी सतत खाली घसरायची. मला ती बारीक वाटली. पण आईनं आकडा सांगितला तो चांगला होता, माझ्या तक्त्यात थेट हिरव्या रंगात बसला. मग अंगकाठीच बारीक असेल, असं मी ठरवून टाकलं. डोळ्यांना काय दिसलं, त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

सगळी माहिती भरली तर गाव हिरवंगार निघालं. पिवळे अगदी थोडे, लाल कुणीच नाही. मी मॅडमना पाठवलं आणि तासाभरात त्यांचा फोन आला. “हे विलक्षण आहे गं,” त्या म्हणाल्या, “आजूबाजूची गावं अशी आणि हेच गाव असं कसं? कारण शोध.” मी शोधलं. कारणं शोधायला बसलं की सापडतात. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मुगाचं घट्ट वरण, परसातला शेवगा. एक अख्खं प्रकरण झालं, ‘स्थानिक आहारातील शहाणपण’. ते वाचून आईनं विचारलं, “आपून खातो कवा इतकं सगयं?” मी म्हटलं, तुला संशोधनातलं कळत नाही. आई पुन्हा “बरं” म्हणाली.

मॅडमनी आणखी एक शिकवलं होतं. ज्यांनी माहिती दिली त्यांना काहीतरी परत द्या, नुसतं घेऊन पळू नका. म्हणून मी प्रत्येक घरासाठी एक छान कार्ड केलं. लेकराचं वजन आमच्या बाया कागदावरही आवडीनं पाहत नाहीत, म्हणून आकडा लिहिला नाही, फक्त रंगाचा एक गोल. धामणगाव बढेला जाऊन रंगीत छापून आणलं आणि टिकावं म्हणून लॅमिनेशन केलं. तिथंच चुकलं. आमच्याकडं लॅमिनेशन केलेला कागद म्हणजे शेवटचा शब्द. साधा कागद खोटा असू शकतो, चिकटपट्टी लावलेला तर असतोच, पण प्लास्टिकमध्ये बसलेल्या कागदाशी कुणी वाद घालत नाही. घराघरांत माझे हिरवे गोल खिळ्याला टांगले गेले.

फेब्रुवारी लागला. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. एके दिवशी दुपारी आई अंगणवाडीतून आली ती पाणीसुद्धा न पिता माझ्यासमोर बसली. तिच्या हातात ते लाल गाठोडं होतं. तिनं ते माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवलं आणि म्हणाली, “उचल.”

“काय आहे?”

“उचल तर.”

मी एका हातानं उचलायला गेले आणि मनगट मुरगळलं. कापड सोडलं. आत आमच्या जुन्या पाट्याचा वरवंटा. दोन किलोला थोडा कमी.

आधी मला काहीच कळेना. मग झोळी आठवली आणि लॅपटॉपवरचे ते हिरवे आकडे.

आईनं सांगितलं ते असं. ती नवीन नवीन सेविका झाली तेव्हा वजनाला कुणी लेकरू आणतच नव्हतं. लेकराचं वजन चारचौघांत बोललं की नजर लागते, एवढंच बायांचं म्हणणं. आमच्या घरात नजर, दृष्ट, उतरवणं यातलं काही म्हणजे काही चालत नाही. आई वर्षभर बायांशी भांडली, समजावलं, हात जोडले, आणि वर्षभर काटा रिकामा लोंबकळला. मग एक दिवस तिनं घरचा वरवंटा कापडात बांधून नेला आणि जाहीर केलं, “आता मी जो आकडा बोलीन तो लेकराचा नाईच. ज्याले नजर लावाची त्यानं वरवंट्याले लावावी.” दुसऱ्या दिवशी ओळ लागली. ज्यांना भीती नव्हती त्यांची लेकरं तशीच बसायची, बाकीची वरवंट्यासकट. रजिस्टरात मात्र आई वजा करून खरं वजन लिहायची, आणि ज्याला वरवंटा होता त्याच्यापुढं पेन्सिलनं एक बारीक टिंब द्यायची. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं, कारण बोललं की त्यातला अर्थच गेला.

“मले काऊन नाई सांगतलं?” मी ओरडलेच.

“मी म्हटलं ना रजिस्टर घे.”

मी कपाळाला हात लावून बसले. हिरवंगार गाव, विलक्षण निष्कर्ष, कळण्याची भाकरी, सगळं त्या वरवंट्याखाली चेंदामेंदा झालं होतं. हे वर्ष गेलं, पदवी गेली, मॅडमना काय तोंड दाखवू, असं मी भडाभडा बोलत सुटले. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुह्या पदवीचं मंग पाहू. पोट्टीचं काय करतं?”

ती काळ्या मण्यांची पोरगी. आईच्या रजिस्टरात ती महिन्यापासून लाल होती. पंधरा दिवसांपासून जुलाब, आता बसवली तरी कलंडत होती. तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात चौदा दिवस ठेवायला हवं होतं, गाडीची सोयही आईनं करून ठेवली होती. सून तयार होती. सासू नाही म्हणत होती. सासूनं खिळ्यावरचं माझं कार्ड काढून आईच्या हातात ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, “तुह्याच पोरीनं कम्प्युटरवर पाहून देल्लं ना हे? हिरवं हाय. मंग दवाखाना कायले?”

त्या म्हातारीला मी नावं ठेवू शकत नव्हते. तिच्या तरुणपणी तिचं एक लेकरू असंच दवाखान्यात नेलं होतं, ते परत आलं नव्हतं. त्यानंतर ती स्वतःच्या तापालाही दवाखान्याची पायरी चढली नाही. नाही म्हणायला तिला कारण हवंच होतं, आणि ते मी तिला प्लास्टिकमध्ये घालून दिलं होतं.

आम्ही दोघी तशाच निघालो. वाटेत आई म्हणाली, “तूच बोल. मी गेल्या चार दिवसांपासून बोलून राह्यली.”

सासूबाई अंगणात फरदडीचा, म्हणजे मागाहून निघालेला शेवटचा, कापूस साफ करत बसल्या होत्या. त्यांना आम्ही सगळे मावशीच म्हणतो. कापूस वेचण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नाही. त्याहून त्यांचं नाव होतं ते वजनासाठी. ओटीतला कापूस नुसता हातावर झेलून त्या सांगायच्या, इतके किलो आणि वर इतके ग्रॅम, आणि मालकाचा काटा मागाहून तेच सांगायचा. काट्यात फरक पडला तर लोक काटा तपासायचे. सून ओसरीत पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी रडतही नव्हती.

“मावशी, ते कार्ड चुकलंय,” मी म्हटलं.

“लॅमिनेशन केलेलं हाय ना?”

“हो.”

“मंग?”

“त्याच्यात वरवंटा आहे.”

मावशींनी कापसातून मान वर केली. “वरवंटा तं असतेच. सगळ्या गावाले माहीत हाय. तू वजा नाई केला?”

“नाही.”

“काऊन?”

“मला माहीतच नव्हतं.”

“इतकी वर्सं शिकून?” त्या म्हणाल्या. “लेकरू कुठी संपते अन् गोटा कुठी लागते, ते नाई शिकवत काय पुण्यात?” ओसरीतली सून तशाही अवस्थेत पदर तोंडाला लावून हसली. आईनं दुसरीकडं तोंड फिरवलं, तिचे खांदे हलताना मला दिसले. माझा पारा चढला. मी चुकले होते, सतरा वेळा कबूल, पण इथं पोरगी सुकून चालली होती आणि ह्यांना गमती सुचत होत्या.

“मावशी,” मी म्हटलं, आणि माझा आवाज जरा जास्तच चढला, “माझं कार्ड जाऊ द्या चुलीत. तुम्ही कापूस नुसता हातावर घेऊन ग्रॅम सांगता ना? मग उचला पोरीला. मला काही सांगू नका, कुणालाच सांगू नका. फक्त उचला.”

मावशी उठल्या नाहीत. हातातला कापूस त्यांनी खाली ठेवला. सरकीचा एक दाणा बोटात धरून कितीतरी वेळ फिरवत बसल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “मले काय उचलाले सांगतं माय. रोज उचलतो मी तिले. सकाय, दुपार, संध्याकाय. हलकी हलकी होऊन राह्यली पोट्टी. मले समजत नाई काय?”

“मग हे कार्ड काऊन धरून बसल्या?” मी विचारलं.

“बरं वाटलं मले ते पाहून,” मावशी म्हणाल्या. “मी म्हटलं, हातच म्हातारे झाले असन माह्ये. कम्प्युटर थोडी खोटं बोलते.”

मला रडू आलं. आवरायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. ज्या हातांवर गावातले काटे तपासले जायचे, त्या हातांना माझ्या एका हिरव्या गोलानं खोटं पाडलं होतं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही.

मावशींनी पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसले, मग तोच पदर माझ्याकडं केला. “पूस,” त्या म्हणाल्या. “चौदा दिवस ना? मी बी जातो संगं. हिले एकटीले नाई सोडत मी तिथी.” आणि आईला म्हणाल्या, “बाई, तो वरवंटा दे.”

“दवाखान्यात नाई चालत मावशी वरवंटा,” आई म्हणाली.

“मंग मी बी नाई चालत.”

गाडीत गोधडी, तांब्या, डबा आणि वरवंटा असं सगळं गेलं. मीही पोचवायला गेले. दवाखान्यातल्या सिस्टरनी पोरीला कपडे काढून इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं, तेवढ्यात मावशींनी लाल गाठोडं पुढं केलं. सिस्टर म्हणाल्या, “हे काय आणलं?” मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या मेहकरकडच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या होत्या. त्यांनी हो नाही काहीच म्हटलं नाही. गाठोडं घेतलं, टेबलावर केसपेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवलं, आणि पोरीचं वजन तोंडानं न बोलता कागदावर लिहिलं. चौदा दिवस त्या वॉर्डातले कागद पंख्यानं उडाले नाहीत. रोज सकाळी सिस्टर आकडा लिहायच्या आणि मावशी कागद न पाहता पोरीला उचलून घ्यायच्या. पाचव्या दिवशी मावशींनी मला फोन केला. “चढून राह्यली,” एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. माझा जीव भांड्यात पडला.

इकडं मी मॅडमना फोन केला. सगळं कबूल केलं. मॅडमनी विचारलं, “दगडाचं वजन किती?” मी सांगितलं. “मग सगळ्यांतून वजा कर.” पण सगळ्यांच्या वेळी वरवंटा नव्हता, आणि कुणाच्या वेळी होता ते मी लिहिलं नव्हतं. त्याच्यावर मी दीड पान चिंतन केलं होतं फक्त. “मग कुणाकडं आहे ती नोंद?” मॅडमनी विचारलं.

“सरकारी रजिस्टरात,” मी म्हटलं. पलीकडून मॅडमनी वही उघडल्याचा आवाज आला.

आईनं रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं आणि शेजारी बसून भाजी निवडू लागली. प्रत्येक ओळीत खरं वजन, आणि जिथं वरवंटा तिथं पेन्सिलीचं टिंब. मी एकेक नाव घेऊन माझे आकडे खोडत गेले. हिरवंगार गाव हळूहळू आजूबाजूच्या गावांसारखं झालं. आहारातल्या शहाणपणाचं प्रकरण मी फाडून टाकलं. मला एकच धास्ती होती, हे सगळं प्रबंधात लिहिलं तर आईवर काही येईल काय. तिला विचारलं तर म्हणाली, “लिही ना. माह्यं रजिस्टर बरोबर हाय. चुकली तू.” आणि मेथीची एक जुडी माझ्याकडं सरकवली.

प्रबंध मुदतवाढ मागून दिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले एक वयस्क सर होते. त्यांनी वरवंट्याचं प्रकरण दोनदा वाचलं होतं. म्हणाले, “सगळं ठीक आहे. पण मला एक सांगा, तुम्ही ते गाठोडं उचलून का पाहिलं नाही?” मी खरं तेच सांगितलं, की मला वाटलं मला माहीत आहे. सरांनी काही लिहून घेतलं. निकाल लागला तेव्हा मला पहिला वर्ग होता.

जुलै लागता लागता घरी आले. दुसऱ्याच दिवशी वजनाचा दिवस होता. बाया ओळीनं बसलेल्या, आई काटा टांगत होती, आणि काळ्या मण्यांची पोरगी भिंत धरून धरून एका बाईपासून दुसऱ्या बाईपर्यंत चालत सगळ्यांच्या बांगड्या ओढत होती. तिची साखळी आता मनगटात रुतत होती.

“झाली काय वं पास तुही पोरगी?” एका बाईनं आईला विचारलं. गळा बिघडलेली तीच ती.

“झाली बाप्पा कशीबशी,” आई काट्याकडं पाहत म्हणाली. “डोकंच नाई तिले. पाहू आता, मशीन घेऊन देऊ म्हणतो.”

पहिला वर्ग! कशीबशी! मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात आईनं कपाटातून लाल गाठोडं काढलं, झोळीत ठेवलं, आणि ते ठेवतानाचे तिचे हात पाहून माझं तोंड तसंच मिटलं. दिवाळीचे ते चारही ब्लाउजपीस माझ्या डोळ्यांपुढून गेले. मी तिच्याजवळ जाऊन कानात म्हटलं, “आई, तू तर नजर मानत नाहीस.”

“नाई मानत,” आई तितक्याच हळू म्हणाली. “पण नजरेले कुठी माहीत हाय, मी मानत नाई म्हून?”

मग तिनं मला दूर ढकललं, कारण ओळ खोळंबली होती. मी सतरंजीवर जाऊन बसले. मावशी भिंतीशी होत्या. त्यांनी चालत्या पोरीला दंडाला धरून अडवलं, पण काट्याकडं नेलं नाही. माझ्याकडं आणली.

“उचल,” त्या म्हणाल्या. “सांगू नको.”

मी उचललं. माझे हात खाली आले. पोरीनं माझा चष्मा ओढला आणि माझ्या गालावर थापट मारली. ओळीतल्या सगळ्या बाया माझ्या तोंडाकडं पाहत होत्या आणि मावशी श्वास धरून उभ्या होत्या.

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हटलं, “कशीबशी हाय.”